हवेचा मापारी : जॉन टिंडल

थोरामोठ्यांची चरित्रे आपण शाळेच्या पहिल्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत. कला शाखेच्या आपणा विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा संत, कवी, समाजसुधारक आणि राजकारणी पुरुष येतात. शास्त्रज्ञांची चरित्रे आपण मैदानापलीकडच्या विज्ञान शाखेच्या इमारतीवर सोपवून मोकळे होतो. तरीही या वार्षिक अंकासाठी मी एका शास्त्रज्ञाचे चरित्र निवडले आहे, आणि त्यामागे एक कारण आहे. ते आधी सांगतो.

माझे घर भातशेतीवर चालते. दावणीला दोन बैल आणि एक म्हैस आहे. अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार असे छापून येते की, भातखाचरांतून आणि गुराढोरांच्या पोटातून मिथेन नावाचा वायू निघतो, शेतात टाकलेल्या युरियातून आणि शेणखतातून नायट्रस ऑक्साईड निघतो, आणि हे वायू पृथ्वी तापवतात. त्याबरोबर आकडेही दिलेले असतात. एक टन मिथेन म्हणजे सुमारे सत्तावीस टन कार्बन डायऑक्साईड, एक टन नायट्रस ऑक्साईड म्हणजे दोनशे त्र्याहत्तर टन! आमच्याकडे बाजारात धान्य नेले की मापारी ते दोन्ही पक्षांसमोर मोजतो. माप खरे की खोटे, हे विचारण्याचा हक्क विकणाऱ्यालाही असतो. मग आमच्या खाचरातल्या वायूला ज्या मापाने मोजतात ते माप पहिल्यांदा कोणी धरले, कसे धरले, हे विचारण्याचा हक्क मलाही आहे, असे मला वाटले. ग्रंथालयातली पुस्तके चाळता चाळता या प्रश्नाचे उत्तर एका माणसापाशी येऊन थांबले. तो माणूस म्हणजे जॉन टिंडल.

टिंडलचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यात, लेलिनब्रिज या लहानशा गावी झाला. वडील पोलीस खात्यात साधे शिपाई होते. घरची परिस्थिती बेताची, पण वडिलांना वाचनाची आवड होती आणि मुलाने शिकावे अशी त्यांची जिद्द होती. गावाजवळच्या शाळेत टिंडल अठरा-एकोणीस वर्षांचा होईपर्यंत शिकला. गणित आणि भूमिती हे त्याचे आवडते विषय. पुढे विद्यापीठात जाण्याइतका पैसा नव्हता. १८३९ साली तो आयर्लंडच्या सरकारी भूमापन खात्यात नोकरीला लागला. नकाशे काढायचे, साखळ्या टाकायच्या, शेतांच्या आणि रस्त्यांच्या हद्दी मोजायच्या, असे ते काम होते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हा थोर शास्त्रज्ञ आरंभी मोजणीदार होता.

१८४२ साली त्याची बदली इंग्लंडमध्ये प्रेस्टन येथे झाली. तिथे मोजणीच्या कामावरील आयरिश कर्मचाऱ्यांना मिळणारा पगार आणि वागणूक यांबद्दल असंतोष होता. टिंडलने त्याविरुद्ध उघड तक्रार केली, आणि १८४३ साली त्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आले. गरीब घरच्या मुलाने मिळालेली सरकारी नोकरी तत्त्वासाठी गमवावी, ही गोष्ट आजही सोपी नाही. त्या काळात इंग्लंडमध्ये लोहमार्गांचे वेड शिगेला पोहोचले होते. गावोगाव नवे मार्ग आखले जात होते आणि मोजणीदारांना मोठी मागणी होती. टिंडलने काही वर्षे लोहमार्गांची मोजणी केली. दिवसभर शेतातून, चिखलातून हिंडायचे आणि रात्री दिव्याखाली आराखडे पुरे करायचे. या कामाने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक काटकपणा, आणि दुसरी म्हणजे मोजमापात कसर राहू न देण्याची सवय.

१८४७ साली तो हँपशायरमधील क्वीनवुड कॉलेज या शाळेत गणिताचा शिक्षक झाला. तिथे एडवर्ड फ्रँकलंड हा तरुण रसायनशास्त्रज्ञ त्याचा सहकारी होता. दोघांनी ठरवले की, खरे विज्ञान शिकायचे तर जर्मनीत जावे. साठवलेला पैसा बरोबर घेऊन १८४८ साली ते मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. तिथे रॉबर्ट बुन्सेन शिकवीत असे. प्रयोगशाळेतल्या ज्या ज्योतीला आपण बुन्सेन बर्नर म्हणतो, तिच्याशी ज्याचे नाव जोडले गेले तोच हा बुन्सेन. टिंडलचे वय तेव्हा अठ्ठावीस. परकी भाषा, परका देश आणि गाठीला मोजकाच पैसा! तो पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करी. दोन वर्षांच्या आत, १८५० साली, त्याने डॉक्टरेट मिळवली.

१८५१ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि १८५२ साली रॉयल सोसायटीचा सभासद झाला. १८५३ च्या फेब्रुवारीत त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक व्याख्यान दिले. ते इतके रंगले की त्याच वर्षी त्याची तिथे निसर्गविज्ञानाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. या संस्थेत त्या वेळी मायकेल फॅरेडे काम करीत होता. लोहाराचा मुलगा फॅरेडे आणि शिपायाचा मुलगा टिंडल यांचे गुरुबंधूंसारखे नाते जमले. फॅरेडेच्या मृत्यूनंतर टिंडलने त्याच्या संशोधनावर एक सुंदर पुस्तक लिहिले.

टिंडलला डोंगराचे वेड होते. १८५६ साली तो आपला मित्र टी. एच. हक्स्ले याच्याबरोबर आल्प्समध्ये हिमनद्या पाहायला गेला, आणि मग जवळजवळ दर उन्हाळ्यात जात राहिला. १८६१ च्या ऑगस्टमध्ये वाइसहॉर्न या अवघड शिखरावर पहिले पाऊल ठेवले ते त्याने आणि त्याच्या दोन वाटाड्यांनी. उंचावर हवा विरळ आणि कोरडी असते. तिथे ऊन भाजून काढते, आणि सूर्य मावळला की थंडी हाडांत शिरते. दिवसाची ऊब रात्री जाते कुठे, आणि सपाटीवर ती टिकते कशामुळे? फ्रान्समधील फूरिये या गणितज्ञाने १८२० च्या दशकातच असा विचार मांडला होता की, सूर्याचा प्रकाश हवेतून सहज आत येतो, पण जमिनीतून बाहेर पडणारी अदृश्य उष्णता तितक्या सहज निसटत नाही. हा विचार पटण्याजोगा होता. पण हवेतला नेमका कोणता घटक ही उष्णता अडवतो, हे कोणी मोजले नव्हते. मोजणीदार टिंडलने ते मोजायचे ठरवले.

१८५९ सालच्या मे महिन्यात त्याने प्रयोगास प्रारंभ केला. त्याचे यंत्र समजावून घेण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. सुमारे चार फूट लांबीची एक पितळी नळी घ्या. तिची दोन्ही तोंडे बंद करायची आहेत, पण काच चालणार नाही, कारण काच स्वतःच ही उष्णता अडवते. टिंडलने सैंधवाच्या, म्हणजे खनिज मिठाच्या, घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या बसवल्या. मिठातून उष्णतेचे किरण निर्वेध जातात. नळीच्या एका टोकाला उकळत्या पाण्याचे भांडे ठेवले आणि दुसऱ्या टोकाला उष्णतेचे विजेत रूपांतर करणारे एक नाजूक उपकरण. त्या विजेने एक चुंबकीय सुई हलत असे. नळीत वायू भरला आणि त्याने उष्णता अडवली, तर सुईने ते सांगायचे.

अडचण अशी की, भांड्याची उष्णता सुईला आधीच टोकाला ढकलून ठेवी, आणि त्या जागी थोडाफार फरक तिला जाणवत नसे. टिंडलने यावर जो उपाय काढला तो आपल्या बाजारातल्या तराजूचा उपाय आहे. उपकरणाच्या दुसऱ्या बाजूला त्याने उकळत्या पाण्याचे आणखी एक भांडे ठेवले आणि दोन्हीकडची उष्णता अशी जुळवली की सुई बरोबर शून्यावर उभी राहिली. दोन पारडी समतोल झाली. आता नळीतल्या वायूने एका बाजूची तिळभर उष्णता जरी गिळली तरी सुई हलणारच.

प्राणवायू, नत्रवायू, हायड्रोजन आणि शुद्ध कोरडी हवा यांनी सुई जवळजवळ हललीच नाही. हवेचा नव्व्याण्णव टक्के भाग ज्या दोन वायूंचा, ते प्राणवायू आणि नत्रवायू पांघरुणाच्या कामी निरुपयोगी ठरले! मग त्याने शहरात दिव्यांसाठी येणारा कोळशाचा वायू नळीत सोडला. सुई झटक्याने बाजूला गेली. १० जून १८५९ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने हे प्रयोग श्रोत्यांपुढे करून दाखवले. अध्यक्षस्थानी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट होते. ७ फेब्रुवारी १८६१ रोजी रॉयल सोसायटीपुढे त्याने आपला विस्तृत निबंध सादर केला.

या काळात त्याने जी कोष्टके तयार केली त्यांपैकी एक मी वहीत उतरवून घेतले आहे. प्रत्येक वायू हवेच्या नेहमीच्या दाबाने नळीत भरला आणि शुद्ध कोरड्या हवेचा आकडा १ धरला, तर कार्बन डायऑक्साईडचा आकडा येतो ९०, नायट्रस ऑक्साईडचा ३५५, मिथेनचा ४०३, ऑलिफायंट म्हणजे एथिलीन वायूचा ९७० आणि अमोनियाचा ११९५. मिथेनला त्या काळी दलदलीचा वायू म्हणत, कारण १७७६ साली व्होल्टाने तो इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलातून बुडबुड्यांच्या रूपाने गोळा केला होता. आज ज्या तीन वायूंची शेतीच्या संदर्भात रोज चर्चा होते, ते तिन्ही १८६० च्या सुमारास लंडनच्या एका तळघरातल्या पितळी नळीत एकामागून एक भरले गेले होते. उष्णता अडवण्याच्या बाबतीत दलदलीचा वायू आणि नायट्रस ऑक्साईड हे कार्बन डायऑक्साईडपेक्षा कितीतरी भारी आहेत, ही गोष्ट तेव्हाच नोंदली गेली.

टिंडलची जिज्ञासा एवढ्यावर थांबली नाही. त्याने कोरड्या हवेत सुगंधाचा केवळ अंश मिसळून तीही नळीत सोडली. चंदनाच्या सुगंधाने हवेची शोषणशक्ती ३२ पट झाली, गुलाबाच्या अत्तराने साडेछत्तीस पट. वजनकाट्यावर तोलता न येणारा तो परिमळ, पण उष्णतेच्या वाटेत तो शुद्ध हवेहून कितीतरी पटींनी आडवा आला. कवितेच्या तासाला बसणाऱ्या आपणा मंडळींना हा प्रयोग विशेष आवडावा. यातून त्याने एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. पदार्थ किती आहे यापेक्षा त्याच्या रेणूची रचना कशी आहे, हे उष्णतेच्या बाबतीत महत्त्वाचे असते. १८६१ च्या निबंधात त्याने बाष्पाचे महत्त्व सांगून पुढे कार्बन डायऑक्साईडचा उल्लेख केला, आणि असेही लिहिले की, हायड्रोकार्बन जातीच्या वायूंची जाणवणार नाही इतकी भेसळसुद्धा पृथ्वीच्या हवामानात मोठा बदल घडवू शकेल. मिथेन हा याच जातीचा वायू. भातखाचरातून किती मिथेन निघतो याचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता, पण या माणसाने धोक्याची जागा बोटाने दाखवून ठेवली होती.

येथे एका स्त्रीची आठवण ठेवणे न्यायाचे होईल. टिंडलच्या तीन वर्षे आधी, १८५६ साली, अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साईड भरलेले नळकांडे सर्वांत जास्त तापते असे दाखवले. अशा वायूचे वातावरण पृथ्वीला अधिक ऊब देईल, असा तर्कही त्यांनी केला. त्यांचा निबंध विद्वानांच्या सभेत दुसऱ्या एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचून दाखवला. टिंडलच्या त्या निबंधांत त्यांचा उल्लेख नाही. पुढे दीडशे वर्षे त्या विस्मृतीत गेल्या. त्यांच्या प्रयोगात सूर्याची उष्णता आणि जमिनीची उष्णता वेगळी काढता येत नव्हती. ते काम टिंडलने केले. पण पहिली पणती लावणाऱ्या हाताचे नाव घ्यायला हवे.

टिंडलला विरोधही झाला. बर्लिनचा प्राध्यापक माग्नुस याने असे प्रतिपादन केले की, बाष्प उष्णता अडवते हे टिंडलचे म्हणणे खरे नाही. त्याच्या मते नळीच्या आतल्या भिंतीवर आणि मिठाच्या चकत्यांवर ओल धरते आणि सुई फसते. हा वाद १८७० साली माग्नुसचा मृत्यू होईपर्यंत चालला. टिंडलने प्रयोग बदलून पाहिले, चकत्या काढून टाकूनही मोजमाप केले. शब्दाला शब्द लावण्यापेक्षा यंत्राने उत्तर द्यावे, ही त्याची रीत होती. आपल्या वादविवाद मंडळाने ही रीत अंगीकारायला हरकत नाही!

त्याच्या पुढच्या आयुष्याचा पसारा मोठा आहे. धुळीच्या कणांवरून प्रकाश कसा विखुरतो, हे त्याने १८६९ च्या सुमारास दाखवले. जंतू आपोआप निर्माण होत नाहीत, या पाश्चरच्या मताला त्याने बळकटी दिली. या प्रयोगांत वाळलेल्या गवताच्या काढ्यातले जंतुबीज उकळूनही मरेना, तेव्हा पुनःपुन्हा थांबून थांबून उकळण्याची युक्ती त्याने १८७७ साली काढली. १८७२-७३ च्या हिवाळ्यात तो अमेरिकेत व्याख्याने देत हिंडला आणि त्यातून झालेला नफा त्याने अमेरिकेतल्याच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकला. १८७४ साली बेलफास्ट येथील अध्यक्षीय भाषणात त्याने सृष्टीच्या उत्पत्तीविषयी बोलण्याचा अधिकार विज्ञानाचा आहे असे ठणकावून सांगितले, आणि धर्मगुरूंचा मोठा रोष ओढवून घेतला. १८८३ साली दीपगृहांच्या दिव्यांवरून झालेल्या वादात एका आयरिश संशोधकावर अन्याय होतो आहे असे वाटल्यावरून त्याने सरकारी सल्लागाराचे पद सोडले. तक्रार करून नोकरी गमावणारा तेवीस वर्षांचा मोजणीदार साठीतही तसाच होता. मात्र त्याचे सगळेच विचार पुरोगामी होते असे नाही. आयर्लंडला स्वराज्य देण्यास हा आयरिश माणूस कडाडून विरोध करीत असे. चरित्रनायकाची ही बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १८७६ साली, त्याने लुइझा हॅमिल्टन हिच्याशी विवाह केला. ती त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान होती. ती त्याची लेखनिक, सहायक आणि सोबतीण झाली. टिंडलला निद्रानाशाचा जुना विकार होता. १८८७ मध्ये निवृत्त होऊन तो हाइंडहेड येथील घरी राहू लागला. ४ डिसेंबर १८९३ रोजी सकाळी लुइझाने नेहमीचे पोटाचे औषध समजून त्याला चुकून झोपेच्या औषधाचा मोठा घोट दिला. चूक दोघांच्याही तात्काळ ध्यानात आली, पण उपाय चालले नाहीत. त्याच दिवशी तो गेला. आयुष्यभर मापात तिळाची कसर न ठेवणाऱ्या माणसाचा अंत चुकीच्या मापाने व्हावा, याला काय म्हणावे! लुइझा पुढे सत्तेचाळीस वर्षे जगली आणि पतीच्या चरित्रासाठी कागद जमवीत राहिली. ते चरित्र तिच्या हातून पुरे झाले नाही. तिच्या मृत्यूनंतर, १९४५ साली, दुसऱ्यांनी ते प्रसिद्ध केले.

आता पुन्हा त्या मापाकडे वळतो. टिंडलच्या कोष्टकात मिथेन कार्बन डायऑक्साईडच्या साडेचार पट आहे आणि नायट्रस ऑक्साईड चौपट. वर्तमानपत्रांत मात्र सत्तावीस आणि दोनशे त्र्याहत्तर हे आकडे येतात. मग खरे कोणते? दोन्ही खरे आहेत, मात्र दोन्हींची मापे निराळी आहेत. टिंडलने नळी एकाच वायूने पूर्ण भरून त्या क्षणी किती उष्णता अडली ते मोजले. आजचे शास्त्रज्ञ विचारतात की, आहे त्या हवेत एक किलो वायू नव्याने सोडला, तर तो पुढच्या शंभर वर्षांत एकूण किती उष्णता धरून ठेवील? या मापाला जागतिक तापमानवाढ क्षमता म्हणतात, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीने १९९० च्या पहिल्या अहवालात ते वापरले. हवेत कार्बन डायऑक्साईड आधीच पुष्कळ आहे, त्यामुळे त्यात आणखी थोडी भर पडल्याने होणारा फरक किलोमागे कमी असतो. मिथेन विरळ आहे, त्याचा प्रत्येक नवा कण अधिक जाणवतो. शिवाय वायू हवेत किती काळ टिकतो याचाही हिशेब येतो. मिथेन सुमारे बारा वर्षे टिकतो, नायट्रस ऑक्साईड शंभराहून अधिक.

इथे कला शाखेच्या विद्यार्थ्याला काही म्हणता येईल असे मला वाटते. शंभर वर्षे ही मुदत निसर्गाने दिलेली नाही, ती माणसांनी ठरवली आहे. मुदत वीस वर्षे धरली तर मिथेनचा आकडा सत्तावीसवरून ऐंशीच्या घरात जातो, आणि भातवाला व गुरेवाला अधिक दोषी ठरतो. मुदत लांबवली तर आकडा उतरतो आणि कोळसा, पेट्रोल जाळणाऱ्याचा वाटा ठळक होतो, कारण कार्बन डायऑक्साईडचा काही भाग हजारो वर्षे हवेत राहतो. सुईचे हलणे हे विज्ञान आहे. पण तराजू कोठपर्यंत धरून ठेवायचा, हा निर्णय माणसांचा आहे, आणि त्यात इतिहास, अर्थशास्त्र व न्याय यांचा प्रश्न येतो. आपल्या देशातील अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली हाच मुद्दा मांडला होता. गरिबाच्या पोटासाठी निघणारा वायू आणि श्रीमंताच्या चैनीसाठी निघणारा वायू एकाच पारड्यात घालणे न्याय्य आहे का, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

मोजल्यावाचून बोलण्याने काय होते याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत केलेल्या अंदाजानुसार भारतातल्या भातशेतीतून दरवर्षी सुमारे ३७० लाख टन मिथेन निघतो, असे सांगितले गेले. तो अंदाज परदेशातल्या शेतांवरून बांधलेला होता. १९९१ साली डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने आणि इतर संस्थांनी देशातल्या अनेक भातखाचरांवर पेट्या ठेवून प्रत्यक्ष वायू मोजला. आकडा आला सुमारे ४० लाख टन, म्हणजे जवळजवळ नऊ पटींनी कमी! पाणी सतत तुंबून राहिले की चिखलात प्राणवायू उरत नाही, आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. आपल्याकडे पुष्कळसा भात पावसावरचा. पाऊस उघडला की खाचर सुकते, मातीला हवा लागते, आणि मिथेन कमी होतो. दिल्लीच्या त्या पेट्या म्हणजे टिंडलच्या नळीच्या नातीच होत.

याचा अर्थ आपल्याकडे दोष नाही असा मात्र नव्हे. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत हवेतला मिथेन अडीच पटींहून अधिक झाला आहे. दलदली हा त्याचा सर्वांत मोठा नैसर्गिक उगम आहे, पण वाढ मुख्यतः माणसाच्या उद्योगांमुळे झाली आहे, आणि त्यात रवंथ करणारी गुरे आणि भातशेती यांचा मोठा वाटा आहे. गंमत अशी की, ज्या आयर्लंडमध्ये टिंडल जन्मला तिथल्या एकूण हरितगृह वायूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक आज शेतीतून, विशेषतः गाईगुरांमुळे निघतात. खाचरातले पाणी मधूनमधून काढून टाकले तर मिथेन घटतो, पण त्याच वेळी खताचा अतिरेक असेल तर नायट्रस ऑक्साईड वाढू शकतो. एक वायू दाबावा तर दुसरा डोके वर काढतो. म्हणून दोन्ही मोजावे लागतात. २०२१ साली ग्लासगो येथे अनेक देशांनी दहा वर्षांत मिथेन तीस टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा केली. भारताने तिच्यावर सही केली नाही. या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण बोलणाऱ्याने आधी माप समजून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, टिंडलच्या नावाने आज आल्प्समध्ये एक शिखर आहे आणि इंग्लंडमध्ये २००० साली स्थापन झालेले हवामानाचे एक संशोधन केंद्र आहे. पण त्याचे खरे स्मारक मला त्या शून्यावर उभ्या केलेल्या सुईत दिसते. निकाल आधी न ठरवता त्याने दोन्ही पारडी समतोल केली आणि मगच वायूला बोलू दिले. उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी पत्रकार, कोणी तहसील कचेरीत बसेल, तर कोणी घरची शेती पाहील. पृथ्वी तापते आहे हे खरे, आणि तिचा हिशेब आता आपल्या गोठ्यापर्यंत आणि खाचरापर्यंत येऊन पोहोचला आहे. तो हिशेब कानांवर हात ठेवून टाळू नये, आणि कोणी सांगतो म्हणून मान खाली घालून मुकाट्याने मान्यही करू नये. माप कोणते, मुदत किती आणि तराजू कोणाच्या हाती, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर आल्यावर आपल्या वाट्याचे वजन उचलायला तयार असावे. मोजणीदार जॉन टिंडलच्या चरित्रातून मला मिळालेला धडा तो हाच.